सहीवाले तात्या

पगारदार माणसाची अडचण ही बहुधा तारखेची अडचण असते. एक तारखेला पगार होतो. पाच तारखेपर्यंत तो वाणी, दूधवाला, शाळा आणि मागच्या महिन्याची उसनवारी यांच्यात वाटून संपतो, आणि मग एकोणीस तारखेला वडील न्हाणीघरात घसरून पडतात. दोन तारखेला कुणाचे वडील पडल्याचं मी ऐकलेलं नाही. दवाखान्याला पैसे आजच हवे असतात. तो बारा दिवस थांबला असता तर निम्म्या महाराष्ट्राला कर्ज काढावं लागलं नसतं.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पाटबंधारे उपविभागात अशा एकोणीस तारखांवर एकच इलाज होता, आणि तो आस्थापना शाखेत खिडकीकडे पाठ करून बसायचा. वरिष्ठ लिपिक तात्या. अंगानं किरकोळ, शर्टाचं गळ्याजवळचं बटण कायम लावलेलं, खिशाला दोन पेनं. निळं सरकारी कामाचं. काळं, जाड निबाचं, फक्त सहीसाठी. सही म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकही अक्षर न गिळता. खाली दोन रेघा आणि रेघांखाली दोन टिंबं. ती टिंबं पडेपर्यंत समोरच्याचा जीव टांगलेला असे.

ही सही लागायची सोसायटीत. खात्यातल्या पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था होती, तिचं पूर्ण नाव फक्त पाटीवर होतं. तिच्याकडे कर्जाचे दोन प्रकार. नियमित कर्ज घर, लग्न, असल्या ज्यांची काळजी आधीपासून करता येते अशा गोष्टींसाठी. दुसरं आकस्मिक कर्ज. त्याचा अर्ज एका पानाचा, रक्कम बेताची, फेड दहा हप्त्यांत. सकाळी अर्ज दिला तर दुपारी चेक. सावकाराच्या ओट्यावर न चढता, दागिना गहाण न टाकता माणूस त्याच दिवशी दवाखान्यात पैसे भरी. सोसायटी हे काम इतक्या मुकाट्यानं करायची की तिला कुणी कधी चांगलं म्हटलं नाही, फक्त लाभांश कमी दिला म्हणून शिव्या दिल्या. पैसे सोसायटीत पडून होते, गरज सभासदाला होती. मध्ये एकच रिकामी ओळ होती: जामीनदाराची सही.

त्या ओळीशी भलेभले अडखळत. कुणाला घरी विचारून सांगायचं असे. एका कालवा निरीक्षकाला त्याच्या आजोबांनी मरताना शपथ घातली होती की कुणाला जामीन राहू नकोस; आजोबा गेले तेव्हा निरीक्षक पाळण्यात होता. रोखपाल आणि मोजणीदार यांची युक्ती सर्वांत खर्चिक. पोटनियमाप्रमाणे एका सभासदाला एका वेळी तीनच कर्जांना जामीन राहता येई. या दोघांनी एकमेकांना आणि खात्यातच असलेल्या आपापल्या मेहुण्यांना गरज नसताना कर्जं काढायला लावून तिन्ही जागा भरून टाकल्या होत्या, आणि त्या कर्जांचं व्याज निमूटपणे भरत होते. ‘माझ्या तिन्ही झाल्यात हो’ हे वाक्य छातीवर हात ठेवून म्हणता यावं, याची ती किंमत.

राहता राहिले तात्या. तात्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही, असं आम्ही सगळे म्हणायचो. ते खरं नव्हतं. रजेच्या अर्जाला, फुगवलेल्या प्रवासभत्त्याला, मस्टरवर उशिरा केलेल्या सहीला ते नाही म्हणत आणि वर नियम काढून दाखवत. नाही म्हणता येत नसे ते फक्त जामिनाला.

ही सही टेबलाशी मागायची नाही, हा पहिला शिष्टाचार. माणूस यायचा, उगीच पंख्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “तात्या, जरा बाहेर येता का?” तात्या चष्मा घडी करून ठेवत, काळं पेन चाचपून बघत आणि उठत. बाहेर म्हणजे फाटकासमोरची चहाची टपरी. तिथं एक दरपत्रक आपोआप ठरून गेलं होतं. दहा हजारांपर्यंत साधा चहा. पंचवीसपर्यंत चहा आणि वडा. नियमित कर्जाला मिसळ, जादा पावासकट. कुणाच्या घरी केवढं संकट आलंय हे टपरीवाला नुसत्या बशा विसळताना सांगू शके. एकदा शाखा अभियंत्यांनी तात्यांसाठी लागोपाठ दोन मिसळी मागवल्या, तेव्हा त्यानं काळजीनं विचारलं होतं, “साहेब, घरी सगळं ठीक ना?”

दुसरा शिष्टाचार, कारण सांगायचं नाही. नवखा माणूस चहाचा पहिला घोट घेऊन “काय झालं तात्या, आमच्या आईला परवा...” अशी सुरुवात करी. तात्या हात वर करत.

“कारण सांगू नकोस. खोटं असलं तर मला वाईट वाटेल, खरं असलं तर तुला.”

ऐकणाऱ्याचे डोळे भरून येत. पण तात्यांना संत करायची सोय नाही. त्यांना त्या सहीचा कैफ होता. बढती दोनदा हुकली होती, बँकेच्या पासबुकात शिल्लक शोधावी लागे, घरी त्यांचं कुणी ऐकत नसे. मात्र ती दोन टिंबं पडली की कागदाला पैसे फुटत. हे साहेबांच्या सहीनंही होत नसे, कारण साहेबांच्या सहीला आधी अनुदान लागतं. कुणी दुसऱ्याचा जामीन घेऊन परस्पर कर्ज उचललं तर तात्या आठवडाभर त्याच्याशी तुटक बोलत. “आम्ही मेलो होतो का?” असं त्यांनी एका मैलकुलीला विचारलं होतं. तो बिचारा त्यांना त्रास नको म्हणून दोन तालुके हिंडून जामीनदार शोधून आला होता. उपकार करायची संधी हुकली म्हणून रुसणारी माणसं जगात फार नसतात, आणि ज्या कचेरीत असतात तिथलं बरं चालतं, एवढं मी पाहिलंय.

तीन जागांचा नियम तात्यांनाही होताच. त्यामुळे त्यांच्याकडे कायम प्रतीक्षायादी. “तात्यांची एक जागा मार्चात मोकळी होतेय” अशी बातमी कचेरीत बदल्यांच्या यादीसारखी फिरे. ज्याचं कर्ज चालू त्याच्यामागे पुढचा उमेदवार लागे. ‘बाबा, फेड लवकर, माझ्या बहिणीचं ठरलंय.’ सोसायटीनं कधी लावला नसेल असा हा तगादा. एका पाटकऱ्यानं बायकोच्या बाळंतपणाची तारीख आणि जागा मोकळी होण्याची तारीख यांचा नीट मेळ घालून ठेवला होता. बाळ तीन आठवडे आधी आलं. तेव्हा तात्या त्याला गावातल्या नागरी पतसंस्थेत घेऊन गेले आणि तिथं सही केली. त्या संस्थेला सोसायटीतल्या तीन जागांशी काही देणंघेणं नव्हतं. मग जिल्हा बँक आली, मग हप्त्यानं फ्रीज देणारं दुकान आलं. अशा रीतीनं तात्या गावभर जामीन झाले.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मात्र त्यांना खरा बहर येई. सप्टेंबरातली ती सभा. सेक्रेटरींचं भाषण दरवर्षी जर्मनीत सुरू होई. रायफायझेन नावाच्या तिथल्या एका मेयरनं खेड्यातल्या शेतकऱ्यांना एकमेकांच्या भरवशावर कर्ज देणाऱ्या संस्था काढल्या. त्यावरून इंग्रज सरकारनं १९०४ साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. खेड्यातल्या संस्थांत सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे, म्हणजे एकानं बुडवलं तर उरलेल्यांनी भरायचं. इथवर येईपर्यंत निम्मी सभा पेंगत असे आणि निम्मी वड्यांच्या वासाकडे तोंड करून बसलेली असे. तात्या एकटे ‘अमर्यादित’ म्हटलं की पाठ ताठ करत. एका वर्षी सेक्रेटरींनी आणखी मागे जाऊन १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले ती हकिगत सांगितली. तात्या उभे राहिले. “त्या रोख्यांवर जामीनदार कुणी असतील तर त्यांना विचारलं होतं का?” इतिवृत्तात या प्रश्नाची नोंद ‘किरकोळ चर्चा झाली’ अशी आहे.

आता बुडवणाऱ्यांकडे येऊ. सोसायटीचा हप्ता सहकार कायद्याच्या ४९व्या कलमानं पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे कर्ज बुडवायचं तर नोकरीच सोडावी लागते. तरीही काही चिवट माणसं तेवढे कष्ट घेतात. एक कालवा चौकीदार आधी निलंबित झाला आणि मग दिसेनासाच झाला. त्याचे हप्ते तात्यांच्या पगारातून जाऊ लागले. पगारपत्रक तात्यांच्या बायको, म्हणजे काकू, वाचत. व्यवसाय कर महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, हे त्यांना पाठ होतं. त्याच्याखाली नवीन ओळ दिसली.

“हा कुठला कर?”

“तो आपला नाही, चौकीदाराचा आहे.”

“मग त्याच्या पगारातून कापा म्हणावं.”

“त्याला पगार नाही.”

“आणि आपल्याला आहे, हा आपला गुन्हा होय?”

काकूंनी वकिली करणाऱ्या पुतण्याला बोलावून घेतलं. त्यानं १८७२ चा करार कायदा काढला. १२८वं कलम, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच; देणेकऱ्याला सोडून संस्था थेट तुमच्या दारात येऊ शकते, काका. हे ऐकून तात्यांच्या पायाखालची वाळू सरकावी अशी अपेक्षा होती. तात्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे कायद्याच्या नजरेत मी आणि चौकीदार एकच. काय लिहिलंय साहेबांनी!” पुतण्यानं घाईनं १४५वं कलम काढलं. जामीनदारानं रीतसर भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे. हे तात्यांनी ऐकलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत उभ्या असलेल्या काकूंनी ऐकलं.

तो चौकीदार पौषात पालीच्या खंडोबाच्या यात्रेत तात्यांना समोरून येताना दिसला. अशा वेळी लपायचं कुणी, हे जगात ठरलेलं आहे. तात्या एका भंडारा-खोबऱ्याच्या दुकानामागे जाऊन उभे राहिले आणि तो पुढे गेल्यावर डोक्यापासून पायापर्यंत पिवळे होऊन बाहेर आले. “त्यानं मला बघितलं असतं तर देवाच्या दारात त्याला मान खाली घालावी लागली असती,” असं त्यांचं म्हणणं. काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत. शर्ट तीनदा धुवावा लागला.

तात्यांच्या सहीला पहिला धक्का बसला तो मात्र चहाच्या टपरीवाल्यापायी. त्याच्या बायकोला रात्रीतून पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. टपरीवाला ना सोसायटीचा सभासद, ना कुठला पगारदार. तात्या त्याच्याबरोबर गेले. काउंटरवरच्या मुलीनं भरायची रक्कम सांगितली. तात्यांनी काळं पेन काढलं. “कुठं सही करायची?”

“काका, जामीन चालत नाही. कॅश, कार्ड की यूपीआय?”

तात्या पेन हातात धरून तसेच उभे. सुदैवानं ते रुग्णालय धर्मादाय होतं आणि तिथल्या समाजसेवा विभागातल्या बाई कामाच्या होत्या. त्यांनी दोघांना बसवून सांगितलं की उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात, त्यासाठी बिलांच्या रकमेतले दोन टक्के वेगळ्या निधीत काढले जातात, आणि अत्यवस्थ रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं असतं. निर्धनाची उत्पन्नमर्यादा वर्षाला एक लाख ऐंशी हजार. शिवाय मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज करून ठेवा. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, रेशन कार्ड, आधार आणि रुग्णाचा जिओ टॅग फोटो. मंजूर रक्कम परस्पर रुग्णालयाच्या खात्यात येते. सगळं खरं आणि उपयोगी. पण बायको आत आणि नवरा दाखल्याच्या रांगेत, अशी त्याची चाल आहे. सरकारचं संकट कागदांची चळत पुरी झाल्यावर सुरू होतं.

तात्यांनी तो अर्ज उलटसुलट करून पाहिला, उजेडात धरला.

“यात जामीनदाराचा रकाना?”

“नसतो.”

“मग यांचं उत्पन्न एवढंच आहे, याला जामीन कोण?”

“तहसीलदार.”

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग टपरीवाल्याला हळूच म्हणाले, “सगळ्या तालुक्याला एकटा जामीन राहतो माणूस!” त्या दिवसापासून तहसीलदारांची जीप कचेरीवरून गेली की ते टेबलाशी उठून उभे राहत. टपरीवाल्याची बायको बरी होऊन परत आली. त्यानं तात्यांना चहा जन्मभर फुकट म्हणून जाहीर केलं, तो त्यांनी नाकारला. सही केली नाही तर चहा कसला.

दुसरा धक्का मोबाइलमधून आला. नव्यानं लागलेल्या कनिष्ठ लिपिकानं एका ॲपवरून कर्ज घेतलं. मागितले पाच हजार, हातात आले साडेतीन, सातव्या दिवशी भरायचे पुरते पाच. आठव्या दिवशी त्याच्या फोनमधल्या एकूण एक नंबरांवर फोन सुरू झाले, मामाला, मास्तरांना, जिच्याशी लग्न ठरत होतं तिच्या वडलांना, आणि तात्यांना. असल्या ॲपांनी कर्जदाराच्या फोनमधल्या नंबरांना हात लावू नये असा नियम रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच केला आहे. पण जे ॲप मुळातच चोरटं, ते नियम वाचत नाही. फोनवरचा माणूस तात्यांना म्हणाला, “तुम्ही याचे जामीनदार आहात.”

“सही कुठं केली मी?”

पलीकडून शिवी आली.

“ते राहू द्या. कागद बघा. खाली दोन टिंबं आहेत का?”

हे संभाषण बराच वेळ चाललं आणि शेवटी वसुलीवाल्यानंच फोन आपटला. आपल्याला न विचारता, शाई न खर्चता, कुणीतरी आपल्याला जामीन धरलं हे तात्यांना शिवीपेक्षा जास्त झोंबलं होतं. त्यांनी त्या पोराला टपरीवर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा तात्यांनी कुणाला तरी ‘जरा बाहेर ये’ म्हटलं आणि चहाचे पैसे स्वतः दिले.

“माझ्याकडे का नाही आलास?”

“तुम्ही कारण विचाराल म्हणून.”

“मी?” तात्यांचा कप बशीत खडखडला. तीस वर्षं पाळलेलं व्रत, आणि शेजारच्या टेबलाला त्याचा पत्ता नव्हता. ॲपही कारण विचारत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली की नाही कोण जाणे. मी काढली नाही. त्या दिवशी तात्यांच्या तिन्ही जागा भरलेल्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, पोटनियमांची पुस्तिका आज घरी राहिली आहे. चौथी सही पडली आणि दुपारी चेक निघाला.

तात्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा कचेरीवर खरं आकस्मिक संकट कोसळलं. निवृत्तीच्या कागदांना सोसायटीचा ना-देय दाखला लागतो, आणि ज्यांना तात्या जामीन होते त्यांनी बदली जामीनदार दिल्याशिवाय तो निघत नाही. चार माणसं चार दिशांना हिंडू लागली. शपथवाल्या कालवा निरीक्षकाकडे म्हणे लोक आजोबांच्या मृत्यूचा दाखला मागायला लागले. रोखपाल रजेवर गेले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, फोटो सगळं झालं. भाषणं करणाऱ्यांपैकी ‘तात्यांची जागा कुणी घेऊ शकणार नाही’ हे वाक्य प्रत्येकानं म्हटलं आणि म्हणताना शेजारच्याकडे पाहिलं.

उपदान हाती आलं तेव्हा काकूंनी ट्रंकेतून एक वही काढली. कुणाचे, किती, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कापले, सगळं लिहिलेलं होतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलंच होतं, मार्च २०२३ पासून. काकूंनी त्या सवलतीचा आणि १४५व्या कलमाचा एकदमच लाभ घ्यायचं ठरवलं. पहिली फेरी चौकीदाराच्या गावी, पाटण तालुक्यात. त्या आरडाओरडा करत नाहीत. दारात जाऊन पाणी मागतात, सुनेची चौकशी करतात, पोरांच्या हातावर खाऊ ठेवतात आणि मग वही उघडून मांडीवर ठेवतात, बस्स. चौकीदारानं दोन पोती तांदूळ दिला आणि उरलेल्याचे हप्ते बांधून दिले, जे तो अजून तरी भरतोय. सोसायटीला इतक्या वर्षांत जमलं नाही ते एका वहीनं जमलं. पुढच्या महिन्यात फ्रीजवाल्याचा गूळ आला, पाटकऱ्याकडून रोख आली. एकीनं कोंबडी दिली, ती काकूंनी बाजारभावानं जमेला धरली.

तात्यांना हे सगळं असह्य होतं. पोती उतरवून घेताना ते मागच्या खोलीत जाऊन बसले होते, रात्री भात जेवताना मात्र “तांदूळ नवा दिसतोय, चिकट होतो” असं म्हणाले.

वहीत आता एकच मोठं नाव राहिलंय. दोन मिसळींचे शाखा अभियंता. त्यांची बदली झाली आणि कपातीचं पत्र त्यांच्यामागोमाग गेलंच नाही. हल्ली पुण्यात बंगला आहे. काकू सोमवारच्या गाडीनं निघणार आहेत. साहेबांच्या दारात बाईनं वही उघडून बसायचं या कल्पनेनं तात्यांच्या घशाखाली घास उतरेना. “मीही येतो बरोबर,” ते म्हणाले. “जरा बोलणं मऊ राहील.”

काकू पिशवी भरत होत्या. “तुम्हाला पूर्ण तिकीट पडतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घरीच बसा.”